चूक नंबर त्रेचाळीस

पृथ्वीराज माझा पुतण्या. त्यानं टेंपो ट्रॅव्हलर घेतली तेव्हा मी त्याला शहाणपण शिकवलं होतं. जोतिबा, नरसोबाची वाडी, आदमापूर अशी देवदर्शनाची फेरी लाव, गाडी कधी रिकामी उभी राहणार नाही, असं माझं म्हणणं. "काका, देव सगळीच दाखवत्यात," तो म्हणाला, "मी मालिका दाखवणार." आणि त्यानं मागच्या काचेवर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं: महाराणी दर्शन. दोन दिवस, एक मुक्काम, घरगुती जेवण.

मालिकेचं नाव 'मळ्यातली महाराणी'. ती चार वर्षं चालली आणि तिचं शूटिंग आमच्या उचगावाबाहेर, एका बागायतदाराच्या बंगल्यात झालं. नायिकेचं नाव चंद्रसेना. शेतकऱ्याच्या सुनेला चंद्रसेना हे नाव कुणी ठेवलं, हे मला अजून कळलेलं नाही. ही चंद्रसेना कधी विहिरीत पडायची, कधी तिची स्मृती जायची, कधी सासू तिच्या दुधात काहीबाही कालवायची. पण काही झालं तरी दोन-तीन दिवसांआड ती चुलीपुढं बसून भाकऱ्या थापायची. तो सीन लागला की गावातल्या बायका हातातलं काम टाकून बघत बसायच्या आणि त्यांच्या तव्यावरची भाकरी करपायची.

मी हंबीरराव. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीमध्ये तीस वर्षं काढली, आता निवृत्त होऊन पुतण्याची गाडी चालवतो. आणि काचेवर लिहिलेलं ते घरगुती जेवण म्हणजे आमच्याच परसातलं, माझ्या बायकोच्या, चिमणाबाईच्या हातचं.

त्या हातांचंच सांगायचं आहे.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी ड्युटीवरून आलो तर चिमणाबाई उंबऱ्यातच उभी. कोपरापर्यंत पीठ आणि तोंडावर दिवाळी. "अवो, माझं शूटिंग झालं!" पंगतीच्या सीनसाठी भाकऱ्यांची चवड पाहिजे म्हणून तिला बंगल्यावर बोलावलं होतं. पण चंद्रसेना झालेल्या त्या बाईला भाकरी थापायला जमेना. तिची एकेक भाकरी म्हणजे कागल तालुक्याचा नकाशा. शेवटी दिग्दर्शक वैतागला, त्यानं चिमणाबाईच्या हातात हिरवा चुडा भरला, हातांना रंग लावायला लावला आणि नुसत्या हातांचं शूटिंग केलं. इथून पुढं भाकरीच्या दर सीनला हेच हात चिकटवणार, म्हणाला. आता टीव्हीवर तोंड तिचं, हात माझे, असं चिमणाबाईचं म्हणणं.

"हाताला मेकअप?" मी म्हणालो आणि हसलो. "फोटू दाव की मग."

"मोबाईल दारातच काढून घेत्यात वो."

मी हसलो त्याला कारण होतं. आदल्या वर्षी याच बाईनं उसात बिबट्या बघितला होता. वनखात्याची माणसं आली, पिंजरा लागला, गावानं पोरांना शाळेत पाठवणं बंद केलं आणि चौथ्या दिवशी पिंजऱ्यात आकाराम पाटलाचं पिवळं कुत्रं सापडलं. तेव्हापासून चिमणाबाईनं काही सांगितलं की मी त्यातलं निम्मं वजा करून ऐकायचो.

पुढं तो भाग टीव्हीवर लागला. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून बघितला. आधी चंद्रसेनेचं तोंड दिसलं, मग हात, मग परत तोंड. "बघ की, ती सोताच थापतीया," मी म्हणालो. चिमणाबाई उठून आत गेली आणि तिनं भांडी जरा जास्तच जोरात घासली.

एवढ्यावर मिटलं असतं. पण वर्षभरानं आमच्या निशिगंधाचं लग्न झालं. विहीणबाई वर्षाराणी मूळच्या मुरगूडच्या, आता चिंचवडला. बाई मनानं चांगल्या, पण आवाज असा की माईकवाल्यानं त्या दिवशी माईक बंदच ठेवला होता. पंगतीत चिमणाबाईनं त्यांना मोठ्या हौसेनं हातांची गोष्ट सांगितली. विहीणबाईंनी भुवया उडवून माझ्याकडं बघितलं. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी म्हणालो, "आमची ही हिरॉईन हाय, हिरॉईन!" आणि वर बिबट्याची गोष्ट रंगवून सांगितली. पंगत हसून लोळली.

त्या दिवसापासून लेकीच्या सासरी चिमणाबाईचं नाव हिरॉईन पडलं. निशिगंधाची आमटी खारट झाली की "हिरॉईनची लेक", चहाला उशीर झाला की "शूटिंग चाललंय वाटतं". ते सगळे हसण्यावारी बोलायचे. पण लेक माहेरी आली की एकदा तरी डोळे पुसायची आणि आईनं विचारलं तर डोळ्यात काहीतरी गेलं म्हणायची.

आणि गेल्या महिन्यात पृथ्वीराजनं सांगितलं, "काका, चिंचवडचं महिला मंडळ येतंय. चौदा बायका. अध्यक्ष तुमच्या विहीणबाई."

सहलीच्या आदल्या दिवशी निशिगंधाचा फोन आला. चिमणाबाईनं स्पीकर लावला होता, म्हणून मला ऐकू आलं. "आई, तुझ्या पाया पडते. जेवताना तेवढं हातांचं काढू नको. मंडळातल्या चौदा बायकांसमोर झालं तर मला त्या सोसायटीत तोंड दाखवता यायचं नाही."

"न्हाय काढत, बाळा," चिमणाबाई म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी पण म्हणालो, "सोड की आता ते."

"सोडलं की," ती म्हणाली आणि ज्वारी निवडायला बसली. निवडलेली ज्वारी तिनं परत एकदा निवडली.

पहिला दिवस झकास गेला. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळ्यावर फोटो झाले. मिसळ आली तेव्हा अर्ध्या बायकांनी कट नको म्हणून सांगितलं. कटाशिवाय मिसळ खायला चिंचवडहून कोल्हापूरला कशाला यायचं, हे मला कळलं नाही, पण मी ड्रायव्हर असल्यामुळं बोललो नाही.

मग मालिकेची ठिकाणं. चंद्रसेना ज्या विहिरीत पडली ती विहीर म्हणजे एका गोठ्यापुढचा गुरांना पाणी पाजायचा हौद निघाला. कमरेएवढा. मोना नावाच्या एका धाडसी बाई म्हणाल्या, "असू दे, माझा पडतानाचा काढा." सासूचा महाल म्हणजे मंगल कार्यालय. तिथं कुणाचा तरी साखरपुडा चालला होता. आम्ही आत शिरलो तर त्या लोकांनी आम्हाला मुलाकडची समजून चौदा जणींना गुलाबाची फुलं दिली. विहीणबाईंनी मुलीला पाच मिनिटं आशीर्वाद दिला, मग आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी पन्हाळ्यावरून येताना माझ्याशेजारच्या सीटवर राजमतीबाई होत्या. निवृत्त गणिताच्या शिक्षिका, जैन, अंगानं काडी आणि नजरेनं तपासनीस. त्यांच्या मांडीवर शंभर पानी वही. त्यांना ही मालिका अजिबात आवडायची नाही, आणि तिचा एकही भाग त्यांनी चुकवला नव्हता.

"यात काय लिवताय, बाई?" मी विचारलं.

"मालिकेतल्या चुका. क्रमांक घालून." त्यांनी वही उघडली. "चूक नंबर सात. चंद्रसेनेला विहिरीतून वर काढलं तेव्हा पदर कोरडा. चूक नंबर एकोणीस. सासरे मंगळवारी वारले आणि शुक्रवारी त्यांनी कागदावर सही केली. पण माझी सगळ्यात लाडकी म्हणजे त्रेचाळीस." त्यांनी चष्मा वर सरकवला. "चंद्रसेना सही उजव्या हातानं करते. दिराच्या थोबाडीत उजव्या हातानं मारते. पण भाकरी थापायला बसली की डावरी होते! वाहिनीला तीन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर नाही."

"कॅमेरा उलटा लावला आसंल," मी म्हणालो.

"मग परातीवर कोरलेलं नाव पण उलटं दिसलं असतं," त्या म्हणाल्या. गणितवाल्यांशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून मी गिअर बदलला.

शूटिंगचा बंगला बघून एकच्या सुमारास सगळ्या आमच्या परसात आल्या. पृथ्वीराजनं पत्र्याच्या मांडवाखाली चटया टाकल्या होत्या. विहिणी विहिणी भेटल्या, हळदीकुंकू झालं. विहीणबाई बसता बसता म्हणाल्याच, "काय हिरॉईन, आज शूटिंगला सुट्टी व्हय?" बायका हसल्या. त्या कशाला हसल्या ते बहुतेकींना माहीत नसावं, पण अध्यक्षांचा विनोद होता. चिमणाबाई पण हसली. "बसा, विहीणबाई. गरम गरम वाढते," एवढंच बोलली आणि चुलीपुढं जाऊन बसली.

आमची चूल परसाच्या कडेला, भिंतीला लागून. चिमणाबाई भिंतीकडं तोंड करून बसते, त्यामुळं मांडवातून तिची फक्त पाठ दिसते. आत गॅसचा ओटा आहे, तिथंही तेच. मला तिची पाठ चांगली ओळखीची आहे. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तेवढी वर्षं मी तिच्या पाठीकडं बघून "झालं का गं?" विचारत आलोय.

पहिली पंगत बसणार एवढ्यात राजमतीबाई उठल्या. त्यांना कांदा, लसूण, बटाटा काही चालत नाही. पृथ्वीराजनं आधीच सांगितलं होतं आणि चिमणाबाईनं त्यांची मुगाची आमटी वेगळ्या पातेल्यात केली होती. पण ज्या बाईनं मेलेल्या सासऱ्याची सही पकडली, ती दुसऱ्याच्या शब्दावर कशी जेवणार? "जरा परात बघून येते. कांद्याचा हात लागला नसला म्हणजे झालं," म्हणून त्या चुलीकडं गेल्या. पाठीमागून नीट दिसेना म्हणून भिंत आणि जळणाचा ढीग यांच्यामधल्या फटीत शिरल्या आणि उकिडव्या बसल्या. तिथं आजवर आमच्या मांजराशिवाय कुणी बसलं नव्हतं.

मी मागंच पाण्याची घागर घेऊन उभा होतो. मला वाटलं, आता या काहीतरी खुसपट काढणार. पण त्या नुसत्या बघत राहिल्या.

"डाव्या हातानं?" शेवटी त्या म्हणाल्या.

चिमणाबाईनं चटका बसल्यासारखा डावा हात पदराखाली घेतला. "चुकलं, बाई. सवय हाय. तुमची उजव्यानं थापते," म्हणून ती घाईघाईनं उजव्या हातानं थापायला लागली. आणि ज्या बाईची भाकरी मी जन्मात कधी चिरलेली बघितली नव्हती, तिची भाकरी परातीतच मधोमध फाटली.

"थांबा, थांबा! डाव्यानंच थापा!" राजमतीबाई ओरडल्या. "मला डाव्याचं काही नाही हो!" त्यांनी चष्मा पुसून परत घातला. चिमणाबाईनं भीतभीत नवा गोळा घेतला. डाव्या हाताचा पंजा फिरायला लागला, उजव्या हाताची करंगळी कडेनं आधार देत राहिली, भाकरी गरागरा मोठी झाली. शेवटी उचलायच्या आधी तिनं बोटाच्या पेरानं परातीच्या काठावर दोनदा टकटक केलं.

राजमतीबाई जळणाच्या फटीतून उठल्या. डोक्यात उसाचं पाचट अडकलेलं. "त्रेचाळीस!" त्या म्हणाल्या. "अहो, ही चूक नंबर त्रेचाळीस आहे! करंगळी तीच, टकटक तीच! वर्षाराणी, इकडं या सगळ्या!"

पंगत उठून चुलीभोवती आली. राजमतीबाईंच्या मोबाईलमध्ये तो भाग होता. चुका लोकांना दाखवायला म्हणून साठवलेला. एकीकडं मोबाईलमधला हिरव्या चुड्याचा हात, एकीकडं परातीतला. थाप, थाप, करंगळी, टकटक. मोनाबाईंनी आपल्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढून चिमणाबाईच्या हातात चढवल्या. मग तर बघायलाच नको.

विहीणबाई एकदा मोबाईल बघत होत्या, एकदा परात. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा एवढा बारीक ऐकला. "विहीणबाई, मग तुमी लग्नात डाव्या हाताचं का न्हाय सांगितलं? तवाच खरं-खोटं झालं असतं की."

चिमणाबाई खाली बघून बोलली. "कसं सांगणार? डाव्या हाताचं अन्न खाऊ घालतीया म्हणून पावणं उठून गेलं असतं तर?" आणि मग ती थांबत थांबत सांगायला लागली. नऊ वर्षांची असताना वडलांच्या गुऱ्हाळावर तिचा उजवा हात भाजला. घरात भाकरी करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती डाव्यानं शिकली. हात बरा झाला, बाकीची सगळी कामं उजव्यानं व्हायला लागली, पण भाकरी काही उजव्यावर येईना. "लग्न होऊन आले तवा सासूबाईंनी बघितलं. बोलल्या न्हाईत काय. पण म्हणाल्या, पावण्यांम्होरं डावा हात दिसाय नको. भितीकडं तोंड करून बस. तवापासनं बसते."

घागर माझ्या हातातच होती. एकतीस वर्षं. रोजच्या दोन म्हटल्या तरी किती भाकऱ्या झाल्या असतील, ते राजमतीबाईच सांगू शकतील. त्या सगळ्या मी खाल्ल्या, आणि थापणारा हात कोणता हे मला माहीत नव्हतं. तो हात टीव्हीवर आला, घरभर मोठा होऊन आला, मी तिच्याशेजारी बसून बघितला आणि म्हणालो, ती सोताच थापतीया. मला माझीच लाज वाटली. फौंड्रीत नुसतं ओतीव लोखंड बघून कुणाच्या हातचं काम आहे हे मी सांगायचो, आणि त्यावर मिशीला पीळ द्यायचो.

विहीणबाईंनी तिथंच व्हिडिओ कॉल लावला. "निशिगंधा, हे बघ. बघतीस न्हवं? तुझी आई खोटं बोलत न्हवती, बाळा. मीच दोन वर्सं तुला नाही नाही ते बोलले. चुकलंच माझं." मोबाईलमध्ये निशिगंधाला आधी परात दिसली, मग चौदा बायकांची तोंडं, मग आई. ती रडायलाच लागली, आणि या वेळी डोळ्यात काही गेलं म्हणाली नाही. चिमणाबाई कोरड्या आवाजात म्हणाली, "रडू नको, तवा तापलाय माझा." आणि स्वतः पदरानं डोळे टिपून घेतले.

मग विहीणबाई माझ्याकडं वळल्या. "व्याही, तुमास्नी तर ठावं असणार की. मग त्या दिवशी गप का बसलासा?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. 'व्हय, ठावं होतं, गंमत केली' असं म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पृथ्वीराज मागून तशी खूणही करत होता.

"न्हवतं ठावं," मी म्हणालो. "आणि गप बसलो असतो तर बरं झालं असतं. हिरॉईन नाव म्याच ठेवलंय. तुमी त्या दिवशी नुसत्या हसलासा, विहीणबाई. हसवलं मी."

चिमणाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"त्यांच्याकडं काय बघताय?" ती बायकांना म्हणाली. "माझी पाठ ओळखायला लावा त्यास्नी, लाखात ओळखतील. बसा आता, थंड व्हायलंय."

पंगत बसली. राजमतीबाईंनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि वही काढून त्रेचाळीसवर रेघ मारली. मग बराच वेळ विचार करून शेजारी लिहिलं: 'चूक नव्हे.' एवढ्या मोठ्या वहीत त्यांनी माघार घेतलेली ती एकमेव जागा, असं त्या जाताना मला म्हणाल्या. मोनाबाईंच्या बांगड्या चिमणाबाईच्या हातातच राहिल्या. त्यांनी परत घेतल्याच नाहीत.

पुढच्या आठवड्यात गाडीला काम नव्हतं. मी चूल फोडली. चिमणाबाई ओरडत बाहेर आली, तिला वाटलं मला वेड लागलं. मी माती कालवली, विटा रचल्या आणि भिंत सोडून दोन हात पुढं, फिरवून नवी चूल घातली. आता थापणारी भिंतीला पाठ लावून बसते आणि तिचं तोंड मांडवाकडं असतं. तीस वर्षं भट्ट्या लिंपल्या आहेत मी, चूल चांगली झाली आहे. धूर जरा पाहुण्यांच्या डोळ्यात जातो, ते चिमणाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते.

वाळल्यावर पहिल्या दिवशी मी समोर पाट टाकून बसलो. तिनं पीठ मळलं, गोळा परातीत ठेवला आणि हात तसाच ठेवून माझ्याकडं बघितलं.

"काय बघताय?"

"हात."

"तिकीट काढलंय का?" ती म्हणाली. लाजली होती. मग थापायला लागली. थाप, थाप, करंगळी, टकटक. मी बघत राहिलो. पहिली भाकरी ताटात पडली तरी मी हात लावला नाही, कारण मनात एक गोष्ट घर करून बसली होती. ही बाई हातांचं खरं सांगत होती, तर मग बाकीचं?

"चिमणे," मी म्हणालो, "त्यो बिबट्या पण खराच हुता काय गं?"

तिनं मान वर केली नाही. डावा हात फिरतच होता.

"न्हाय वो," ती म्हणाली. "ते कुत्रंच हुतं. जेवा आता."